बेडकाचा धडा

तेक्ले नऊ वर्षांची.
हिरव्या अक्रोडांची सालं सोलून काळी पडलेली तिची बोटं.
त्यातलं एक माझ्या गळ्यावर टेकवून
ती खुणेनं सांगते : इथून काढ.

बेडकाला हे लोक बाकाकी म्हणतात.
पण हा क आपल्या बाराखडीतला नाही.
घशात खोल, बाटलीचं बूच निघावं तसा
फुटतो आणि लगेच मिटतो.
मी म्हणते, बाकाकी.
ती मान हलवते. पुन्हा.
मी म्हणते, बाकाकी.
ओसरीवर दाट द्राक्षरसात अक्रोडांच्या माळा बुडवत बसलेली नानुली
डोक्याचा रुमाल तोंडावर ओढून हसते.
मीही हसते.

सत्तावीस वर्षं भाषा शिकवतेय.
आम्ही बारा शिक्षक, सात देशांतले,
जॉर्जियातल्या या द्राक्षांच्या गावात तीन आठवडे,
एका घरी एक.
पत्रकात लिहिलं होतं, संस्कृतीत विरघळून जा.
जणू आम्ही साखर.
मी तळाशी बसले.

जमिनीत पुरलेल्या भट्टीच्या भिंतीला थापलेली
होडीच्या आकाराची रोटी काढायला
नानुली अर्धी आत वाकते
आणि मला दर वेळी वाटतं, पडली.
सांभाळा, म्हणता येत नाही.
मी करू का, म्हणता येत नाही.
एवढेच चार शब्द नसले
की माणूस किती मठ्ठ दिसतो.

इथे मामा म्हणजे बाप.
हे मला उशिरा कळलं.
तिसऱ्या रात्री भिंतीवरच्या फोटोकडे बघून
सगळ्यांनी ग्लास उचलले, कुणी म्हणालं, मामा,
आणि ओळखीचा शब्द सापडल्याच्या आनंदात
मी मोठ्यानं हसले.
टेबल गप्प झालं.
तेक्लेनं माझ्या ताटात चीजचा तुकडा वाढला.

आई, म्हणजे देदा, इटलीत.
तिथल्या कुठल्याशा म्हातारीला भरवते, न्हाऊ घालते.
दर रविवारी फोन करते.

पाचवी ब मध्ये माझ्याकडे एक खगेंद्र होता.
वॉचमनचा मुलगा, नेपाळहून आलेला.
त्याला ळ येत नसे.
कमल. बाल. शाला.
मी त्याला फळ्यापाशी उभं करायचे,
जीभ वर वळव, म्हणायचे, अजून वर,
पोरं हसायची. तोही हसायचा.
प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला :
आनंदी मुलगा. लक्ष नाही.
सहावीत ते कुठेतरी निघून गेले.
हजेरीपटात त्याच्या नावावर लाल रेघ आहे,
माझ्याच पेनाची, पट्टी लावून ओढलेली.

रविवार.
तेक्ले स्वयंपाकघरात पाठमोरी, फोन कानाशी.
पलीकडचा आवाज भिंतीवरून मुंगी चालावी तसा बारीक.
मला एक अक्षर कळत नाही.
मग तेक्ले म्हणते, हो.
थांबते. हो.
टेबलावरचं वाळलेलं पीठ नखानं खरवडत : हो. हो.

त्यांच्या भाषेतही हो म्हणजे हो.
परक्यांसाठी दुसरा शब्द आहे, हा घरातला.
जेवलीस का? हो.
थंडी पडली का तिकडे? हो.
आजीचं ऐकतेस ना? हो.
नाताळला नाही जमायचं गं, पण उन्हाळ्यात नक्की...
इथे ती काहीच म्हणाली नाही.
नखातलं पीठ फ्रॉकला पुसत राहिली.

पलीकडचे शब्द माझे आहेत. मीच भरले.
चुकले असतील.
पण ती गप्प राहिली ती जागा
मला बरोबर ऐकू आली.

फोन ठेवून ती अंगणात आली, नाक पुसलं,
टोपली उलटी केली, बोटानं दाखवलं : बस.
बाकाकी.
मी जीभ मागे ओढली, घसा आवळला,
काहीतरी खरखरलं.
या वेळी मी हसले नाही. तीही नाही.
वहीत तिनं एक बेडूक काढला,
त्याखाली मार्क दिले, दहापैकी चार.
शेरा काही लिहिला नाही.